घराचा सातबारा: आपला पर्यावरणीय पाऊलठसा गुंठ्यात कसा मोजायचा

आमचा पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. शेतजमीन नाही; होती ती आजेसासऱ्यांच्या काळातच गेली. तरीही गेली तीन वर्षं दर एप्रिलमध्ये मी एका शंभर पानी वहीत आमच्या घराचा सातबारा उतरवते. यंदाचं क्षेत्र भरलं ४४४ गुंठे. अकरा एकर आणि वर चार गुंठे! घरात माणसं चार: सासूबाई, नवरा, मुलगी आणि मी. एवढी जमीन आम्ही वर्षभर कसली, आणि सारा एक पैसा भरला नाही.

ही जमीन कुठे आहे ते आम्हाला सांगता येणार नाही. थोडी सोलापूरकडे ज्वारीची, थोडी मध्य प्रदेशात गव्हाची, थोडी जंगलाची. पण आम्ही जे खातो, जाळतो, नेसतो, वापरून टाकतो, त्याला कुठे ना कुठे जमीन लागतेच. ती मोजायची पद्धत म्हणजे पर्यावरणीय पाऊलठसा, ज्याला बहुतेक जण फूटप्रिंट म्हणतात. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचा विद्यार्थी मॅथिस वॅकरनॅगल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बसवली. त्याआधी प्रश्न असा विचारला जायचा की अमुक जमिनीवर किती माणसं जगतील. रीस यांनी तो उलटा केला: अमुक माणसांना जगायला किती जमीन लागते, मग ती कुठेही असो? शहरातल्या माणसाला हा उलटा प्रश्नच लागू पडतो, कारण त्याच्या पायाखाली शेत नसतंच.

इंटरनेटवर तयार कॅल्क्युलेटर आहेत. दहा मिनिटांत ते सांगतात की सगळे तुमच्यासारखे जगले तर किती पृथ्व्या लागतील. गंमत म्हणून ठीक. पण ‘तुम्ही मांस किती वेळा खाता: कधीतरी, बऱ्याचदा, नेहमी’ अशा प्रश्नांतून तुमच्या घराचं काही कळत नाही. वहीत स्वतः मांडलं की कळतं.

आधी माप समजून घ्या

या हिशेबाचं एकक आहे जागतिक हेक्टर. जगातल्या सगळ्या उपजाऊ जमिनीची आणि समुद्राची सरासरी काढली तर जेवढं पिकेल, तेवढं देणारा एक हेक्टर. आपल्याकडे बागायत आणि जिरायत एका भावाने धरत नाहीत, तसंच इथे. शेतजमीन सरासरीपेक्षा कसदार, म्हणून तिला सुमारे २.५ चा गुणक. जंगलाला सुमारे १.३, चराऊ कुरणाला साधारण अर्धा आणि मासेमारीच्या पाण्याला त्याहूनही कमी. बांधकामाखालची जमीन शेतजमीन म्हणूनच धरतात, कारण गावं आणि शहरं नेहमी चांगल्या जमिनीवरच पसरतात. पुण्याभोवतीची गावं आठवा, पटेल.

हेक्टरात विचार करणं मला जमत नाही. एक हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे, म्हणून मी सगळं गुंठ्यात लिहिते. चाळीस गुंठ्यांचा एकर डोळ्यांसमोर येतो, ०.४ जागतिक हेक्टर येत नाही.

सूत्र एकच:

वर्षाचे किलो ÷ हेक्टरी उत्पादन (किलो) × गुणक × १०० = गुंठे

हेक्टरी उत्पादन जगाच्या सरासरीचं घ्यायचं. इथे बहुतेक जण अडतात. ‘आमची मालदांडी ज्वारी कोरडवाहू रानातली, तिथे एवढी कुठे पिकते?’ बरोबर आहे, तिला जमीन जास्त लागते. पण ती जमीन हलकी, म्हणून मोजताना कमी धरली जाते. दोन्ही एकमेकांना कापतात आणि उत्तर तेच येतं.

पहिली पायरी: बिलं काढा

कार्बनपासून सुरुवात करा, कारण त्याचे पुरावे घरातच असतात. कार्बनची जमीन म्हणजे तुमचा धूर शोषून घ्यायला जेवढं जंगल लागेल तेवढी जमीन. समुद्र जो वाटा गिळतो तो वजा करून, एक टन कार्बन डायऑक्साइडला साधारण ३४ गुंठे असा हिशेब बसतो.

वीज: महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, बारा बिलं शोधत बसू नका. आमचे महिन्याला सरासरी १८० युनिट, वर्षाचे २,१६०. आपल्या ग्रिडमध्ये अजून कोळशाचंच राज्य आहे. एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांतली गळती धरून मी ०.८ घेते.

आता जी ओळ सगळे विसरतात ती. सोसायटीचा कॉमन मीटर. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. पहिल्या वर्षी मी हे बिल मागितलं तेव्हा कमिटीला वाटलं मी मेन्टेनन्सवर भांडायला आले आहे. दोन मीटिंगनंतर झेरॉक्स मिळाली: महिन्याला १,४०० युनिट, अठ्ठावीस फ्लॅट. म्हणजे आमच्या नावावर महिन्याला आणखी पन्नास, वर्षाला ६००. एकूण २,७६० युनिट, २,२०८ किलो, ७५ गुंठे.

गॅस: १४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे ४२-४३ किलो कार्बन डायऑक्साइड. आमचे नऊ लागले: ३८३ किलो, १३ गुंठे. पाइपचा गॅस असेल तर बिलावरच्या दर घनमीटरमागे २ किलो धरा. इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. इंडक्शनवर गेलं की ठसा घटतो असं मी धरून चालले होते. एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात, म्हणजे आजच्या ग्रिडवर १०० किलो. दुपटीहून जास्त! छपरावर सोलर असेल तर गोष्ट वेगळी.

पेट्रोल: स्कूटरला महिन्याला १३ लिटर, गाडीला २५. वर्षाचे ४५६ लिटर, लिटरमागे २.३ किलो (डिझेलला २.७). १,०४९ किलो, ३६ गुंठे. पावत्या कोण जपून ठेवतो? यूपीआयच्या इतिहासात पंपाचं नाव शोधा, सगळं निघतं.

आणि प्रवास. डिसेंबरात दिल्लीला लग्न होतं. चौघं विमानाने गेलो, विमानाने आलो. अंतर सुमारे १,१७० किलोमीटर, आठ तिकिटं, माणशी किलोमीटरमागे सुमारे १२० ग्रॅम: १,१२३ किलो, ३८ गुंठे. हा आकडा मी तीनदा तपासला. दोन दिवसांच्या लग्नाने वर्षभराच्या पेट्रोलला मागे टाकलं होतं. आगगाडीत माणशी किलोमीटरमागे १० ग्रॅमच्या आसपास जातात; रेल्वेचं अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर असूनही चौघांचं जाणं-येणं सव्वाशे किलोत झालं असतं. चार गुंठ्यांत. सासूबाईंनी तेव्हाच राजधानीचं नाव काढलं होतं, त्यांचे गुडघे विमानतळावर चालून दुखतात म्हणून. त्यांचं ऐकायला हवं होतं.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी: नेवार्क ते मुंबई एकेरी सुमारे १२,५०० किलोमीटर. लांबच्या उड्डाणाला किलोमीटरमागे १०० ग्रॅम धरले तरी एका माणसाच्या जाण्यायेण्याला अडीच टन, ८५ गुंठे. आईला भेटायला येऊ नका असं कोण म्हणेल? फक्त ओळ लिहा.

कार्बनची बेरीज: १६२ गुंठे.

दुसरी पायरी: कोठी

इथे जुनी पद्धत कामी येते. आम्ही अजून उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतो, त्यामुळे हिशेब आयता मिळतो. दीड क्विंटल गहू भरला, एप्रिलमध्ये कोठी झाडली तेव्हा सहा किलो उरला होता. वापर १४४ किलो. जगाची सरासरी हेक्टरी साडेतीन टन: १४४ ÷ ३,५०० × २.५ × १०० = १० गुंठे. झालं, इतकंच करायचं असतं.

जे महिन्याला आणता त्यासाठी पिशवी फोडताना तिच्यावर पेनाने तारीख टाका. तेलाच्या डब्यावर, साखरेच्या बरणीवर कागदाची चिकटपट्टी लावा. तीन महिने नोंद ठेवून चौपट केलीत तरी चालेल. मात्र ते तीन महिने श्रावणाचे नकोत आणि दिवाळीचेही नकोत.

आमचे आकडे असे. तांदूळ ९६ किलो, हेक्टरी ३.१ टनाने ८ गुंठे. ज्वारी ४८ किलो, १.४ टनाने ९ गुंठे. भाजी आणि फळं मिळून १०. साखर ४८ किलो आणि गुंठे फक्त २. तिच्याकडे पुन्हा येऊ. डाळी ६० किलो. डाळ करताना टरफल आणि चुरी जाते, म्हणून मूळ कडधान्य ८६ किलोच्या आसपास, आणि कडधान्याचं उत्पादन हेक्टरी जेमतेम ०.९ टन. एकूण २४ गुंठे! दीडशे किलो गव्हाला लागते त्याच्या दुपटीहून जास्त जमीन साठ किलो डाळीला. वरण कमी करायचं का? माझ्या मते नाही. तूर बहुतेक वेळा कापसात किंवा सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून उभी असते, आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देऊन जातात. हे या मापात कुठेच दिसत नाही. आकडा खरा आहे, पण तो काय मोजतो तेही लक्षात ठेवायला हवं.

तेलाचा हिशेब थोडा मनाचा आहे. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के, बाकीची पेंड कोंबड्यांना जाते. मग सगळी जमीन माझ्या कढईच्या नावावर का? मी निम्मी धरते: महिन्याला ५ लिटरचे १४ गुंठे. पुढच्या वर्षीही निम्मीच धरायची, म्हणजे तुलना खरी राहते. पामतेलाला जमीन सगळ्यात कमी लागते, म्हणून ते चांगलं असं समजू नका. ती जमीन इंडोनेशिया-मलेशियातल्या जंगलाची होती.

दूध हा सगळ्यात चिकट भाग. आपल्याकडची जनावरं बरीचशी कडब्यावर आणि भुशावर जगतात, आणि तो कडबा ज्या ज्वारीचा, तिची जमीन वर धरलेली आहे. पुन्हा धरली तर दोनदा मोजली. म्हणून मी लिटरमागे ४०० ग्रॅम खुराक आणि वर थोडा हिरवा चारा एवढंच लावते. रोज दीड लिटरचे २५ गुंठे, पेन्सिलने लिहिलेले. महिन्याला दोन किलो चिकन आणि अंडी मिळून ५ गुंठे. दूध पुढे निघालं हे पाहून घरातला मांसाहारी गट बराच खूश झाला.

मासे आमच्याकडे क्वचित, पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी नीट मोजावेत. इथे किलो नुसते बघून चालत नाही, मासा कोण आहे ते बघावं लागतं. तारली समुद्रातलं बारीक जीवजंतू खाते, सुरमई तारलीसारखे मासे खाते. साखळीत एक पायरी वर गेलं की खालचं सुमारे दहापट लागतं असं हे गणित धरतं. म्हणून किलोभर सुरमईचा ठसा किलोभर तारलीच्या कित्येक पट निघतो.

कोठीची बेरीज: १०७ गुंठे.

तिसरी पायरी: बाकीचं किरकोळ

कागद मोजायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे रद्दीवाला. तो तुमच्यासाठी तोलूनच देतो. आमच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा किलोला शंभर ग्रॅम मारतो हे गृहीत धरूनही वर्षाला साठेक किलो निघाली. जंगल हेक्टरी वर्षाला सुमारे १.८ घनमीटर लाकूड देतं. वर्तमानपत्राचा कागद बराचसा रद्दीपासूनच बनतो म्हणून निम्मं धरून ६ गुंठे. कपडे, चादरी, टॉवेल मिळून सुती बारा किलो: ४ गुंठे. सोसायटीच्या प्लॉटमधला आमचा वाटा आणि थोडा रस्ता: ३ गुंठे. इथे वेळ घालवू नका, या तिघांची बेरीज दिल्लीच्या तिकिटांच्या जवळपासही जात नाही.

आता एकूण २८२ गुंठे. माणशी सत्तर. भारताची माणशी सरासरी ११० ते १२० गुंठ्यांच्या घरात आहे. स्कूटर, गाडी आणि विमान असलेलं घर सरासरीच्या इतकं खाली? पहिल्या वर्षी मी इथेच थांबले आणि चार लोकांना सांगूनही टाकलं.

चूक अशी होती की देशाचा आकडा वरून खाली मोजतात आणि मी खालून वर मोजत होते. इमारतीचं सिमेंट आणि सळई, फोन आणि फ्रिज बनवताना जळलेला कोळसा, ऑफिसचा एसी, मेट्रोचे खांब, किराणा घेऊन आलेल्या ट्रकचं डिझेल, यातलं काही माझ्या बिलांत येत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा असतो ना, क्षेत्रात धरलेला पण पीक न दिसणारा, तसा हा भाग. तो नेमका काढणं घरबसल्या शक्य नाही. मी कार्बनची बेरीज सरळ दुप्पट करते. नोकरदार शहरी घराला हा अंदाज जास्त नाही, कमीच असावा. २८२ अधिक १६२, म्हणजे ४४४. माणशी १११ गुंठे.

चौथी पायरी: कशाशी ताडायचं

जगातली सगळी उपजाऊ जमीन आणि समुद्र सगळ्या माणसांत वाटला तर माणशी सुमारे १५० गुंठे येतात, पावणेचार एकर. माणसं सरासरीने वापरतात २६० च्या आसपास. अमेरिकन माणूस ७०० च्या वर. ही तूट भरून निघते जंगलं तोडून, मासे उपसून आणि मुख्यतः धूर हवेत साठवून. पाऊलठसा मोजणाऱ्या ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क या संस्थेने २०२५ साली वर्षाचा वाटा संपल्याचा दिवस २४ जुलै धरला होता. ही तारीख बातम्यांत फार गाजते, पण नवी माहिती आली की जुन्या वर्षांचेही आकडे बदलतात, त्यामुळे वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं काढून तारखांची तुलना करू नका.

भारतातली उपजाऊ जमीन भारतीयांतच वाटली तर? माणशी ४० गुंठे. बरोबर एक एकर. आमचे १११ जगाच्या वाटणीत बसतात, देशाच्या वाटणीत नाहीत. कोणता आकडा पाहून झोपायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दोन्ही लिहून ठेवते.

पाचवी पायरी: कुठे हात घालायचा

क्षेत्राच्या उतरत्या क्रमाने ओळी लावा आणि वरच्या तीनच बघा. आमच्याकडे वीज, विमान, पेट्रोल. कागदाची पिशवी की कापडाची, हा वाद शेवटच्या ओळींतला आहे.

कॉमन मीटरचे १,४०० युनिट म्हणजे दिवसाला सत्तेचाळीसच्या आसपास. छपरावरचा एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे बारा किलोवॉटमध्ये काम भागतं. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलं आहे. सोळा गुंठे एका ओळीतून गेले असते, तेही अठ्ठावीस घरांपैकी प्रत्येकाचे. कमिटीत विषय दोनदा निघाला आणि दोनदा गच्ची कोणाची यावर अडला. वहीत मी तो ‘प्रलंबित’ असा लिहिला आहे. यंदा लग्न नाशिकला आहे, त्यामुळे विमानाची ओळ आपोआप कोरी राहील. त्याचं श्रेय मी घेणार नाही.

शेवटचा रकाना: इतर अधिकार

सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. कर्जाचा बोजा तिथे लिहितात. क्षेत्र कितीही असो, तो रकाना न वाचता कोणी जमीन घेत नाही. माझ्या वहीतही तो आहे, कारण हे माप काही गोष्टींना आंधळंच आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. साखरेचे दोनच गुंठे निघाले ते आठवा. ऊस थोड्या जमिनीत प्रचंड पिकतो, म्हणून जमिनीच्या मापात साखर साधुसंत दिसते. याच उसाच्या पट्ट्यातल्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. बोअर खोल मारून उत्पादन वाढवलं तर या हिशेबात ती जमीन अधिक कसदार ठरते, खाली पाणी शंभर फूट उतरलं तरी. प्लॅस्टिक, कीटकनाशकं, नदीत सोडलेलं सांडपाणी यांनाही इथे क्षेत्र नाही.

म्हणून त्या रकान्यात मी गुंठे लिहीत नाही, जे जसं मोजता येतं तसं लिहिते. सोसायटीत आलेले टँकर, दहा हजार लिटरचे, मार्च ते जूनमध्ये एकूण किती आणि त्यातला आमचा अठ्ठाविसावा हिस्सा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक टँकरची वेळ आणि गाडी नंबर असतो, विचारलं की दाखवतो. सुक्या कचऱ्याचं एका आठवड्याचं वजन, बॅग अडकवायच्या काट्यावर, गुणिले ५२. साखरेसमोर नुसतं ‘पाणी’ एवढाच शब्द. आणि यंदा सासूबाईंच्या सांगण्यावरून एक नवी नोंद चढली आहे: फेकलेलं शिळं अन्न, वाट्यांमध्ये. पहिल्या आठवड्यात अकरा वाट्या झाल्या, त्यातल्या सात भाताच्या.